चाळिशीत नवी नोकरी: पहिले तीन महिने तब्येत कशी सांभाळता?

मायक्रोमीटर

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र. आयुष्यातला पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

वय ४१. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात १६ वर्षं क्वालिटीत, म्हणजे माल तपासण्यात काढली. ऑगस्टमध्ये चाकणला दुसरीकडे लागलो. पगार बरा, पद एक पायरी वर, काम मात्र तेच. मोजायला तेच व्हर्नियर, तीच गेजेस, रिजेक्शनवरून प्रॉडक्शनवाल्यांशी तेच भांडण. त्यामुळे कामाची धास्ती नव्हती. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगा सातवीत, म्हणून ते दोघं नाशिकला आणि मी मेदनकरवाडीत खोली घेऊन एकटा.

सातव्या आठवड्यात रात्री दोन वाजता छातीत जळजळायला लागलं. डावा खांदा दुखतोय, घाम सुटलाय. घरमालकांच्या मुलाने बाइकवर बसवून दवाखान्यात नेलं. ईसीजी, रक्ततपासणी सगळं नॉर्मल. बीपी १५०/९६. डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी दिसतेय, बीपीवर लक्ष ठेवा. मग सहज विचारलं, दिवसाला पाणी किती पिता? मी मनात हिशेब केला तर दोन ग्लास निघाले. फार तर अडीच.

का, तर आमच्याकडे लाइनवर बाटली न्यायला बंदी. पाण्याचा कूलर शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. पाणी प्यायचं म्हणजे सगळ्यांच्या समोरून चालत जायचं. नवा माणूस सारखा कूलरकडे पळतो असं कोणी म्हणू नये म्हणून मी जातच नव्हतो. चहा मात्र ट्रॉलीवर जागेवर येतो, तो सहा-सात वेळा. जेवणाची तीच गत. जुन्या कंपनीत आमचं सहा जणांचं टेबल होतं, कोणत्या वारी कोणाच्या डब्यात काय असणार ते पाठ. इथे कोणत्या टेबलावर बसायचं तेच कळेना. कोपऱ्यातलं रिकामं टेबल गाठून सात मिनिटांत जेवण उरकायचं आणि परत लाइनवर. साहेब खूश, माणूस काय मेहनती आहे!

अजून एक सांगतो, हसू नका. सातपूरला कोणतं मशीन कुरकुरतंय ते मला आवाजावरून कळायचं. इथे सगळेच आवाज अनोळखी. त्यामुळे दिवसभर कान टवकारलेले. संध्याकाळी खोलीवर आलो की पंख्याची घरघरसुद्धा नकोशी होते.

दर शनिवारी सुटी झाली की नाशिकचा रस्ता. तळेगाव चौकातून बाहेर पडायलाच कधी पाऊण तास जातो. मग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर. रविवारी रात्री उलट. घरी विचारलं की 'मजेत आहे' म्हणतो. दवाखान्याचं अजून कोणाला बोललेलो नाही.

काम येतं, पगार येतो, बॉसही राक्षस नाही. मग हे शरीर का कुरकुरतंय? नोकरी बदलल्यावर कोणाला असं झालंय का, आणि तुम्ही काय केलंत?

कोथिंबीर

पहिलं काम, बायकोला सांगा. आजच. खालचे प्रतिसाद नंतर वाचा.

सांगितलंत? आता मला हसू का आलं ते सांगते. नवी जागा, कुठे काय ठेवलंय माहीत नाही. पाणी प्यायला उठलं तर कोण काय म्हणेल. जेवायला कोणाशेजारी बसायचं कळत नाही. घरातल्या प्रत्येक आवाजाला कान लावून बसायचं. आणि माहेरून फोन आला की "मजेत आहे". अहो दादा, तुम्ही सासरी नांदायला गेलात! आम्ही हे बाविसाव्या वर्षी केलं आणि धागा काढायची सोय नव्हती.

तेव्हा अनुभवी सुनेचा सल्ला घ्या. नव्या घरात आधी एक माणूस हेरायचा. सासूही नव्हे आणि नवराही नव्हे. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी होत्या. कोणाला काय खपतं, कोण कोणाशी बोलत नाही, दुपारी गॅस कधी मोकळा असतो, सगळं त्यांनी सांगितलं. पुढे आठ वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा नोकरीला लागले तेव्हा हीच युक्ती केली. तिथे शिपाईमामा होते. तुमच्याकडे चहाची ट्रॉली ढकलणारा आहे की! त्याला गाठा. लाइनवर पाणी कसं मिळवायचं हे त्याच्याइतकं मॅनेजरलाही ठाऊक नसेल.

दुसरं, पुढच्या रविवारी नाशिकहून निघताना अर्धा किलो चिवडा बांधून घ्या आणि सोमवारी कँटीनमध्ये कोणाच्या तरी टेबलावर न बोलता पुडा उघडा. बाकीचं चिवडा बघून घेईल.

डॉ_खडीसाखर

कोथिंबीरताईंना अनुमोदन. आता माझ्या खात्यातलं.

घाबरून रात्री दोनला दवाखान्यात गेलेल्या माणसाचं बीपी वाढलेलंच असतं, त्यामुळे त्या एका आकड्यावरून बीपीचा आजार ठरत नाही. पण तो आकडा विसरायचाही नाही. घरी दंडावर बांधायचं बीपीचं मशीन आणा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, अर्धा तास आधी चहा नाही, मोजताना गप्पा नाहीत. तुम्ही क्वालिटीतले, मोजमापाची शिस्त मी काय शिकवणार! दवाखान्यात सारखं १४०/९० च्या वर किंवा घरी १३५/८५ च्या वर येत असेल तर वही घेऊन फिजिशियनकडे जा.

चहाबद्दल. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचच्या चहातलं निम्मं रात्री दहाला अंगात शिल्लक. मग डोळा लागत नाही, पहाटे शीण असतो, की पुन्हा चहा. तुमचे सहा-सात एकदम तोडू नका, डोकं धरेल. दुपारनंतरचे आधी गाळा. रिकाम्या पोटी चहा आणि सात मिनिटांत जेवण, यावर जळजळ होणारच.

आणि हे नीट वाचा. पुन्हा छातीत दुखलं, घाम आला, तर "मागच्या वेळी गॅसच निघाला होता" म्हणून खोलीवर पडून राहू नका. बाइकवरही नको. १०८ ला फोन करा.

लॉगिनलेट

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी २६ चा. परभणीहून हिंजवडीला आलो आणि पहिली नोकरी नवव्या आठवड्यात सोडली. चिवडे वाटूनही. परदेशात बसलेल्या ऑनसाइटवाल्यांच्या वेळेप्रमाणे रात्री साडेअकरापर्यंत कॉल आणि सकाळी नऊला पुन्हा स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची मीटिंग. रविवारी दुपारी तीन वाजले की पोटात गोळा यायचा. पीजीत चौघं होतो पण चौघांच्या शिफ्टा वेगळ्या, एकमेकांचे चेहरे झोपलेलेच पाहिलेत.

एका रात्री १४४१६ ला फोन केला. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलिमानस सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. मला वाटलं होतं कोणीतरी छापील उपदेश वाचून दाखवेल. त्या बाईंनी आधी विचारलं की आज जेवलास का. मी जेवलो नव्हतो.

सांगायचं हे की शरीर कुरकुरतं त्यामागे कधी माणसाचं नवखेपण असतं आणि कधी ती जागाच वाईट असते. दोन्हीत फरक करायला शिका. माझी खूण अशी: अडलेलं विचारल्यावर समोरचा सांगतो का? पहिल्या ठिकाणी विचारलं की "एवढंही माहीत नाही?" असं यायचं. आत्ताच्या ठिकाणी कामाचा ताण कमी नाही, पण विचारलं की खुर्ची ओढून शेजारी बसतात.

अप्पा_गिरणगाव

हे चोचले वाचून आधी रागच आला. पाण्याचा कूलर लांब आहे म्हणून धागा! तसं लिहायलाही घेतलं होतं. मग खोडलं.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वडील सत्तेचाळिसाव्या वर्षी कांदिवलीला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागले. बसायची नोकरी, मेहनत काही नाही. पहिले सहा महिने ते घरात जवळपास बोललेच नाहीत. आम्हाला वाटायचं रागावलेत. पोरांनी जवळ जायचं नाही, असं आईने बजावलेलं.

मायक्रोमीटर, तुमचं आवाजाचं वाचलं आणि आत्ता, इतक्या वर्षांनी उलगडा झाला. साचेखात्यात इतका खडखडाट की शेजारच्याशी ओठांच्या हालचालीवर बोलायचे. तिथून उठून रात्रभर सुनसान गेटवर बसायचं. ते ट्रान्झिस्टर कानाशी धरून असायचे, स्टेशन बंद झालं तरी नुसती खरखर चालू ठेवायचे. आम्ही हसायचो.

त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तुम्ही विचारताय ते बरं आहे.

मायक्रोमीटर

अप्पा, काय बोलू. नमस्कार घ्या.

बायकोला सांगितलं. ती आधी शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे तू माझ्याशी खोटं बोलत होतास." आणि फोन ठेवला. दोन दिवस फक्त मुलाचा अभ्यास आणि गॅसचं बुकिंग एवढ्यावर संभाषण.

त्या रात्रीची अजून एक गोष्ट लिहायची राहिली. दवाखान्यात काउंटरवर मेडिक्लेमचं कार्ड मागितलं. जुन्या कंपनीचं संपलं होतं आणि नव्याचं 'प्रोसेसमध्ये' होतं. छातीत कळ येतेय आणि मी मोबाइलवर मेल शोधतोय. खरं सांगतो, ईसीजीपेक्षा त्याने जास्त घाम फुटला.

निवृत्त_टाइमऑफिस

हे कोणीतरी काढेल म्हणून थांबलो होतो. ३१ वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-पगाराच्या खात्यात काढली. नव्या माणसाची झोप उडवणाऱ्या निम्म्या गोष्टी कागदाच्या असतात.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो. पुढची पॉलिसी चालू होईतो कुटुंब उघड्यावर. म्हणून स्वतःची एक छोटी का होईना फॅमिली पॉलिसी बाजूला हवीच. सध्या एचआरला मेल टाकून पॉलिसी नंबर आणि नावं चढल्याची तारीख लेखी मागा. तोंडी "होऊन जाईल" ला किंमत नाही.

पीएफ काढू नका. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, फक्त जुन्या खात्यातली रक्कम आणि सर्व्हिस नव्यात वळवून घ्या. जुन्या कंपनीने तुमची सोडल्याची तारीख टाकलीय का ते पोर्टलवर बघा, गाडी बहुतेक तिथेच अडते. वारस नोंदणीही तपासा. लग्नाआधीची आईची नावं अजून तशीच असलेले कितीतरी पाहिलेत.

ग्रॅच्युइटी मिळाली का? शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं १६. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. संकोचाने मागत नाहीत लोक, जणू उधारी मागतोय.

आता पाण्याचं. दादा, ते कोणाचे उपकार नाहीत. पिण्याच्या पाण्याची सोय १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिली होती, २५० च्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाण्याची आणि कँटीनचीही. सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती हेही त्यातच. तो अर्धा तास तुमचा आहे. सात मिनिटांत जेवून तुम्ही कंपनीला रोज तेवीस मिनिटं दान करत होतात, पावतीसुद्धा न घेता.

नेकारकाठ

स्टुटगार्टहून. इथे पहिले सहा महिने बहुधा प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ. दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कोणीही कोणालाही रामराम करू शकतं. मी तापातही ऑफिसला जायचे, रजा मागितली तर काढतील या भीतीने. तिसऱ्या महिन्यात टीमलीडनेच घरी पाठवलं, वर "तुझा ताप आम्हाला नको" असंही म्हणाला. जर्मन प्रेमळपणा असाच असतो. कायदा नंतर वाचला. नोकरीचे पहिले चार आठवडे सोडले तर आजारपणात पगार कंपनीच चालू ठेवते, आणि त्या चार आठवड्यांत आरोग्यविमा पैसे देतो. तो आधी वाचला असता तर एक सायनस वाचला असता.

जेवणाचं माझंही सेम. दुपारी बाराला सगळे 'मालत्साइट' (जेवणाच्या वेळचा इथला रामराम) म्हणत उठायचे आणि मी डेस्कवर पोळीभाजीचा रोल खात स्क्रीनकडे बघायचे. मेहनती दिसावं म्हणून. चार महिन्यांनी एका बाईने विचारलं, आमच्याबरोबर जेवायला तुला आवडत नाही का? त्यांनी भलताच अर्थ काढला होता. आपण दाखवायला जातो एक आणि लोक वाचतात दुसरंच.

अवांतर: डिसेंबरात इथे साडेचारला अंधार. नव्या नोकरीची पहिली थंडी असेल तर दुपारी जेवणानंतर पंधरा मिनिटं बाहेर चालून याच, ढग असले तरी.

डॉ_खडीसाखर

मायक्रोमीटर, तुमच्या मूळ प्रश्नाला, म्हणजे सगळं ठीक असताना शरीर का कुरकुरतं, याला एक जुनं उत्तर आहे. १९६७ मध्ये होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ बदलांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०. गंमत अशी की त्यात बऱ्या घटनाही आहेत, सुटीवर जाण्यालाही १३. बदल चांगला की वाईट हे शरीर विचारत नाही, जुळवून घ्यायला किती लागतं तेवढं बघतं. तुमच्या कामाचे: कामातली जबाबदारी बदलणं २९, राहणीमान बदलणं २५, कामाच्या वेळा २०, घर बदलणं २०, मित्रमंडळीतला वावर १८, झोप १६, खाणंपिणं १५. वर्षभराची बेरीज १५० च्या आत असेल तर आजारी पडायचा धोका कमी, ३०० च्या वर गेली तर बराच. मोजपट्टी जुनी आहे, भविष्य म्हणून वापरू नका, पण आपल्यावर काय काय येऊन पडलंय ते दिसतं.

मायक्रोमीटर

बेरीज केली. १४३. लिमिट १५०, म्हणजे पीस पास, पण अगदी कडेला. अशा पीसला आम्ही पुन्हा मोजतो.

कोथिंबीर

त्यात बायकोशी भांडण धरलंत का?

डॉ_खडीसाखर

त्याचे ३५. वाढलेल्या भांडणांचे.

मायक्रोमीटर

१७८. रिजेक्ट.

लॉगिनलेट

दर शनिवारी नाशिक हे बंद करा राव. महिन्यातून दोनदा जा. उरलेल्या रविवारी झोपा.

कोथिंबीर

अजिबात बंद करू नका. ज्याला ना बायको ना पोर, तो सांगतोय. नव्या सुनेला माहेर तोडायला सांगतात तसलं हे. जायचंच, फक्त गाडी स्वतः चालवू नका. एसटीत बसा आणि सिन्नरपर्यंत झोपा.

निवृत्त_टाइमऑफिस

एक शनिवार तुम्ही जा, एक शनिवार त्यांना बोलवा. मुलाला बापाचं कामाचं गाव दिसू द्या.

मायक्रोमीटर

पाच आठवड्यांनी परत येतोय. काय झालं, काय नाही ते सांगतो.

ट्रॉलीवाला बीडचा निघाला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, बाटली चालत नाही पण झाकणवाला स्टीलचा मग चालतो, क्वालिटी टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, सगळेच ठेवतात. इतके आठवडे माझ्या गुडघ्याजवळ चार मग होते आणि मी पाहिले नव्हते! आता तोच येता-जाता भरून देतो. चहा तीनवर आलाय, एक दिवस चार.

चिवडा नेला. पहिल्या टेबलावर थंड प्रतिसाद, त्यांच्यातल्या दोघांना डायबेटिस. दुसऱ्या टेबलावर जमलं. आता मेंटेनन्सवाल्यांबरोबर बसतो. त्यांच्या टेबलावर मीठ कायम सांडलेलं असतं आणि राजकारण बोलायला बंदी आहे.

बीपीची वही भरली. घरचे आकडे १२८ ते १३८ च्या मधे, खालचा ८४ ते ९०. फिजिशियनला दाखवली. गोळी नाही, मीठ कमी आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. पापड-लोणचं सुटत नाहीये.

आवाजाचं तसंच आहे. परवा तीन नंबरच्या सीएनसी मशीनचा आवाज मला वेगळा वाटला. छातीठोकपणे मेंटेनन्सला सांगितलं की स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, जातोय. त्यांनी अर्धा तास उघडून पाहिलं, काही नव्हतं. वरचा एक्झॉस्ट फॅन वाजत होता. आता मला फॅनवाले म्हणतात. आधी काहीच म्हणत नव्हते.

जुन्या कंपनीने ग्रॅच्युइटी दिली. पीएफ अडकलाय, सोडल्याची तारीख चुकीची पडलीय. मेडिक्लेमचं कार्ड आलं, त्यात मुलाचं आडनाव चुकलंय.

आणि मागच्या शनिवारी बायको आणि मुलगा इकडे आले. मुलाने खोली पाहिली, मोरीपाशी जाऊन भांडी पाहिली आणि म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे एकच ताट आहे?" संध्याकाळी तिघं जाऊन दोन ताटं घेऊन आलो.

कोथिंबीर

स्टीलची घेतलीत ना? आणि वाट्या?

मायक्रोमीटर

वाट्या राहिल्या.